रोजा, छातीतली जळजळ आणि अडकणारा घास

रमजानच्या पानावर जकातीचा हिशेब येतो, तरावीहची माहिती येते, कुठल्या मोहल्ल्यात काय चविष्ट मिळते हेही येते. आज शरीरातल्या एका साध्या नळीविषयी लिहायचे आहे. घशापासून जठरापर्यंत जाणारी, साधारण 25 सेंटीमीटर लांबीची अन्ननलिका. ती नीट चालते तोवर तिची आठवण कुणाला होत नाही. बिघडली की सहेरीचा शेवटचा घासही जड होतो आणि इफ्तारचा पहिला खजूरही.

या नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते सैल होते, घास जठरात उतरला की आवळते. जठरातले आम्ल फार तीव्र असते. जठराला त्याच्यापासून वाचवणारे जाड अस्तर आहे, अन्ननलिकेला तसे नाही. हे कडे वेळी-अवेळी सैल पडू लागले की आम्ल वर येते आणि मग छातीच्या मधोमध जळजळ, तोंडाला आंबट-कडू पाणी, करपट ढेकर, रात्रीचा कोरडा खोकला, सकाळी बसलेला आवाज. आपण याला पित्त म्हणतो, ॲसिडिटी म्हणतो, नाहीतर ‘गॅस आहे’ म्हणून सोडून देतो. वाढलेले वजन, गरोदरपण, तंबाखू, दारू, रक्तदाबाची काही औषधे यांनी हा त्रास वाढतो. भरल्या पोटी आडवे होण्याने तर हमखास.

रोज्याने पित्त होते, असे सर्रास म्हटले जाते. आपल्याकडे रोजा ऋतूप्रमाणे 12 ते 15 तासांचा असतो, त्यामुळे उपाशीपणाला दोष देणे सोपे जाते. पण माझ्या पाहण्यातल्या बहुतेकांची जळजळ दुपारी नसते, रात्री असते, आणि तिचे कारण ताटात असते. मगरिबची अजान झाली की भजी, समोसे, कबाब, वर थंडगार सरबत. तरावीहनंतर पुन्हा नल्ली निहारी किंवा बिर्याणी. पहाटे सहेरीला पराठे आणि कपभर कडक चहा, नमाज होताच पांघरूण ओढून झोप. माझे हिंदू मित्र यावर हसत नाहीत, कारण ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्यांच्याच घरातली आहे. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि रिकाम्या पोटी चार वेळा चहा झाला की नवरात्रातही मेडिकलच्या दुकानात तीच पांढरी गोळी खपते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची रोजा सोडण्याची रीत साधी होती. काही खजूर, नाहीतर पाण्याचे घोट, मग नमाज. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, हीही त्यांचीच शिकवण. आजचा पोटविकारतज्ज्ञ याच्याहून वेगळे फारसे काही सांगत नाही. थोडे खा, सावकाश खा, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटा लावून सहा इंच उंच करा (नुसत्या जादा उशीने भागत नाही, उलट पोट दुमडते), डाव्या कुशीवर झोपा. सहेरीनंतर तीन तास जागणे कामावर जाणाऱ्याला जमणार नाही, हे मान्य. त्याने सहेरी हलकी ठेवावी आणि निदान आडवे न होता टेकून पडावे.

आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या, जेवणाआधी अर्धा तास घेतल्या तरच पुरता गुण देतात. रमजानमध्ये लोक त्या जेवणानंतर, आठवेल तेव्हा घेतात आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणतात. खजूर-पाण्याबरोबर गोळी घ्यावी, मगरिबची नमाज पढावी आणि मग ताटावर बसावे. अंतर आपोआप मिळते. आपल्या डॉक्टरांना हे वेळापत्रक सांगून बदल करून घ्यायला संकोचू नये. मुस्लिमेतर डॉक्टरही आता रमजान सुरू होताना आपणहून विचारतात, ही आपल्या गावांची चांगली बाजू आहे.

आणखी एक गोष्ट घाईतून होते. सहेरीची वेळ संपत आली की रक्तदाबाची, मधुमेहाची, कुठल्याशा अँटिबायोटिकची अशा सगळ्या गोळ्या एका घोटात तोंडात टाकायच्या आणि लगेच अंथरुणावर पडायचे. अशी गोळी जठरापर्यंत पोचतेच असे नाही. ती मध्येच चिकटते, तिथे विरघळते आणि अन्ननलिका आतून भाजते. डॉक्सीसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिके, हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधे यात कुप्रसिद्ध आहेत. दुसऱ्या दिवशी आवंढा गिळतानाही कळ येते आणि घरचे म्हणतात, रोजा बाधला. औषध बसून किंवा उभ्याने, भरपूर पाण्याबरोबर घ्यायचे आणि नंतर अर्धा तास तरी आडवे व्हायचे नाही.

इथवरचे सारे सवयी बदलून सुधारण्यासारखे आहे. पण एक तक्रार अशी आहे की तिला पित्ताच्या खात्यात टाकणे जिवावर बेतू शकते. ती म्हणजे घास अडकणे.

अडकणाऱ्या घासाविषयी माणसे बोलत नाहीत. ती आपले खाणे बदलतात. आधी मटणाचा तुकडा टाळतात, मग भाकरी दुधात कुस्करतात, मग भात-वरणावर येतात. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट लागतो. ताटावरून सर्वांत शेवटी उठतात. लग्नाच्या दावतीला जायचे टाळतात, कारण चारचौघांत ठसका लागला, घास परत आला तर काय, ही धास्ती. घरच्यांना वाटते, वय झाले, दात गेले, भूक मंदावली. सदरा सैल झालेला दिसतो, तेव्हा बरेच महिने गेलेले असतात. रमजानमध्ये तर हे लपवणे आणखी सोपे होते. दिवसभर कुणी जेवताना पाहत नाही आणि वजन उतरले तरी रोज्यांच्या नावावर खपते.

घास अडकण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यातली पुष्कळशी बरी होणारी आहेत. वर्षानुवर्षे आम्लाने भाजलेल्या नळीला व्रण पडून ती अरुंद होते. काहींची जळजळ याच सुमारास कमी होते, कारण अरुंद झालेल्या नळीतून आम्लही पूर्वीसारखे वर येत नाही. ‘पित्त बरे झाले, फक्त भाकरी जरा अडकते’ असे सांगणारा माणूस म्हणून बरा झालेला नसतो. ही अरुंद जागा दुर्बिणीतून, फुग्याच्या साह्याने रुंद करता येते. काहींच्या खालच्या कड्याचे स्नायू सैलच होत नाहीत. त्यांना पहिल्यापासून पाणीही अडकते आणि भातही. रक्त फार कमी असलेल्या स्त्रियांत अन्ननलिकेच्या वरच्या भागात पातळ पडदा तयार होऊ शकतो. सगळ्यांना वाढून उरले ते खाणाऱ्या आपल्या आया-बहिणींत रक्त कमी असणे घरोघर आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले. अर्धांगवायूनंतर घशाचेच स्नायू दुबळे होतात, तेव्हा पेजेपेक्षा साधे पाणी अधिक धोक्याचे ठरते. ते श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. अशा वेळी गिळण्याचे व्यायाम शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ असतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि कर्करोग. आधी भाकरी, मग भात, मग खीर आणि शेवटी पाणी, अशा क्रमाने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत अडकणे वाढत गेले, सोबत वजन घटू लागले, तर एक दिवसही थांबू नये. तंबाखू, विडी आणि दारू ही याची जुनी कारणे. मिश्रीने दात घासणाऱ्या आपल्या आजी-मावश्यांनाही तंबाखूच्या हिशेबातून वगळता येणार नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. तरी पानाच्या टपरीवर काय मिळते हे वाचकांना मी सांगायची गरज नाही. 65 अंश सेल्सियसहून गरम पेये गिळणे हे अन्ननलिकेच्या कर्करोगाचे संभाव्य कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटले. सहेरीच्या शेवटच्या मिनिटाला उकळता चहा घशाखाली ओतणाऱ्यांनी एवढे तरी ऐकावे. वाफ जाईपर्यंत थांबायला अजान आड येत असेल तर कप अर्धा ठेवावा.

तंबाखू खाणारा रोजेदार रोज 12 तासांहून अधिक काळ तिच्याविना राहतो. महिनाभर रोज. मग इफ्तारनंतर नमाजही व्हायच्या आत कोपऱ्यावर पुडी का फुटते, हा प्रश्न आमच्या मशिदींच्या मिंबरावरून जितक्या वेळा विचारला जायला हवा तितका विचारला जात नाही, अशी माझी तक्रार आहे.

मेडिकलच्या दुकानातून पित्ताची गोळी चिठ्ठीविना घेऊन दोन-दोन वर्षे खाणारे प्रत्येक गल्लीत आहेत. गोळी वाईट नाही, उलट फार उपयोगी आहे. पण ती आम्ल कमी करते. आत गाठ असेल तर तिला ती काही करत नाही, फक्त तक्रार दबते. घास अडकणे, गिळताना दुखणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, कारण नसताना वजन घटणे यांपैकी एकही दिसले तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. तिची भीती अकारण आहे. घशात बधिर करणारा फवारा मारतात, बोटाएवढी लवचीक नळी आत सोडतात, पाच-दहा मिनिटांत पाहून होते, गरज वाटली तर चिमूटभर तुकडा काढून तपासायला पाठवतात. बहुतेक जण त्याच दिवशी घरी येतात. आणि छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, दम लागला, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे गेली, तर ते पित्त समजून सोडा पीत बसू नये. थेट दवाखाना गाठावा. ते हृदयाचे असू शकते.

‘तपासणी ईदनंतर करू’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे की ते रमजानचाच भाग वाटावे. दुर्बिणीने रोजा तुटतो की नाही यावर मौलानांची मते वेगवेगळी पडतील. पण त्या वादाची गरजच काय? सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजाऱ्याला रोज्यातून सूट दिली आहे. आज सुटलेला रोजा बरे झाल्यावर, दुसऱ्या दिवसांत पुरा करता येतो. ज्याचा आजार हटण्याची आशाच नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावे, त्याला फिदिया म्हणतात. अल्लाहला बंद्यांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, हे रोज्याच्या हुकमाला जोडूनच आलेले आहे. सवलत हुकमाच्या शेजारीच लिहिलेली असताना ती घेणाऱ्याला कमी इमानाचा समजणे हे कुठल्या किताबात बसते?

साध्या जळजळीचे पुष्कळ रुग्ण डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजे ठेवू शकतात आणि ठेवतातही. ज्याला घास अडकतो त्याची गोष्ट निराळी. त्याला दिवसातून सहा-सात वेळा थोडे-थोडे, मऊ, पाण्याच्या घोटाबरोबर खावे लागते. त्याचे सगळे जेवण रात्रीच्या काही तासांत कोंबता येत नाही. अशा माणसाला रोजा ठेवायला लावणे, किंवा त्याने ठेवला म्हणून त्याची वाहवा करणे, हे त्याचे वजन आणखी उतरवण्याला हातभार लावणे आहे.

रोजा नसलेल्या मुसलमानाला रमजानमध्ये चोरून खावे लागते, हे आपण सगळे जाणतो. मासिक पाळीच्या दिवसांत मुली स्वयंपाकघराच्या दाराआड पाणी पितात. सत्तरीतले आजोबा दुपारी दूध-पोळी खाताना नातवाची चाहूल लागली की वाटी खाली ठेवतात. घाईने गिळलेला घास अडकायची शक्यता जास्त, आणि चोरून खाणारा घाईनेच खातो. यात हिंदू शेजाऱ्यांचाही एक छोटा वाटा आहे, तो वाईट हेतूचा नाही. कचेरीत डबा उघडताना ‘काय, आज रोजा नाही वाटतं?’ असे कुणी प्रेमाने विचारते, आणि समोरच्याला आपल्या अन्ननलिकेची कहाणी सांगावी की खोटे बोलावे, हे त्या क्षणी ठरवावे लागते. हा प्रश्न न विचारणे जमण्यासारखे आहे.

मशिदींच्या आणि मोहल्ला कमिट्यांच्या इफ्तारीसाठी एक सूचना आहे. कोकणात तांदळाची पेज अजून घराघरांत होते. भज्यांच्या परातीशेजारी तिचे एक पातेले, थोडी पिकलेली केळी आणि बिया काढून भिजवलेला खजूर ठेवायला फारसा खर्च येत नाही. कोण ते घेतो आणि दिवसा त्याचा रोजा होता की नव्हता, याकडे वाढणाऱ्याने पाहू नये. त्याला शेवटपर्यंत बसू द्यावे, दस्तरखान त्याच्यासमोरून लवकर उचलू नये.