सायवनच्या मुलीने प्राग का पाहू नये?

पुण्या-मुंबईच्या खाजगी विद्यापीठांतील मुले हल्ली एक सेमिस्टर परदेशात काढतात. सोमवार ते गुरुवार जर्मनीत वर्ग, शुक्रवारी रात्री बस, शनिवारी प्राग, रविवारी व्हिएन्ना. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हातात असला की बाकीच्या शेंगेन देशांत थोडे दिवस फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. परतल्यावर बायोडेटात 'ग्लोबल एक्स्पोजर' अशी ओळ येते आणि मुलाखत घेणारे साहेब त्या ओळीवर खूश होतात.

या मुलांवर आमचा राग नाही. फिरावे, जरूर फिरावे. पण बापाच्या बँक खात्यातून आलेल्या गोष्टीला गुणवत्ता म्हणू नये, एवढेच आमचे म्हणणे. जर्मनीच्या व्हिसासाठी 2024 च्या सप्टेंबरपासून दरमहा 992 युरोची सोय आधीच दाखवावी लागते. सहा महिन्यांचे जवळपास सहा हजार युरो, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. तिकीट आणि विमा वेगळाच.

आता डहाणू तालुक्याच्या डोंगरपट्टीतले सायवन बघा. इथली वारली किंवा कोकणा मुलगी आश्रमशाळेतून, वसतिगृहातून धडपडत पदवीच्या वर्गात पोहोचते. शनिवार-रविवार तिलाही असतो. पावसाळ्यात त्या दोन दिवसांत लावणी असते. इतर वेळी बोईसरच्या कारखान्यात रोजंदारी, नाहीतर उंबरगाव-वापीकडे जाणारा टेम्पो. सीमा तीही ओलांडते, तलासरी संपली की गुजरात लागतो. पण तिच्या प्रवासाला कोणी एक्स्पोजर म्हणत नाही. त्याला स्थलांतर म्हणतात.

याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांची चित्रे 1989 मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या मोठ्या प्रदर्शनात लागली होती. वारली चित्र पॅरिसला चालते. वारली विद्यार्थिनी पॅरिसला जायचे म्हणाली की फाईल पुढे सरकत नाही.

सरकार म्हणेल, योजना आहेत की. आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अख्ख्या देशातल्या आदिवासींसाठी वर्षाला जागा 20! त्यातल्या 3 आदिम जमातींच्या, म्हणजे आमच्या कातकऱ्याने त्या तिनांत देशभरच्या आदिम जमातींशी स्पर्धा करायची. आणि या योजना पूर्ण अभ्यासक्रमासाठी आहेत. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला एक सेमिस्टर बाहेर काढायचे असेल तर तिच्यासाठी रकानाच नाही. दुसरीकडे यूजीसीने 2022 मध्ये परदेशी विद्यापीठांशी थेट करार करण्याची मुभा दिली, ती नॅकचे 3.01 गुण किंवा एनआयआरएफच्या पहिल्या शंभरात नाव असलेल्यांना. डोंगरपट्टीतल्या कॉलेजने काय करायचे? वाट बघायची.

त्याच 2022 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने आणखी एक काम केले. आपल्या परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक संशोधन हे विषयच वगळले. बाबासाहेबांनी जातीची उत्पत्ती आणि यंत्रणा मांडणारा निबंध 9 मे 1916 रोजी वाचला, तो न्यूयॉर्कमध्ये, कोलंबियातल्या गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात. हा नियम तेव्हा असता तर? बडोद्याच्या सयाजीरावांनी दहा वर्षांच्या नोकरीचा करार करून घेतला होता, पण जातीवर लिहू नको असे म्हटले नव्हते. एका संस्थानिकाला जे जमले ते सामाजिक न्यायाच्या नावाच्या मंत्रालयाला जमत नाही.

बाबासाहेब केवळ पदव्या आणायला गेले नव्हते. कोलंबियात अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांचे वर्ग त्यांनी केले. लंडनला शिकत असताना 1922 मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले. पुढे बडोद्यातला अनुभव लिहिताना त्यांनी सांगितले की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती जाणीव पुसली जाणे हे कुठल्या गुणपत्रिकेत लिहितात? परदेशातही जात पोहोचली आहे, हे आम्हाला माहीत आहे. सिएटल शहराला 2023 मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा उगाच करावा लागला नाही. तरी अनोळखी शहरात, आडनाव न विचारणाऱ्या लोकांत एकटीने हिंडण्याचा जो मोकळेपणा असतो, तो फक्त श्रीमंतांच्या पोरांसाठी राखीव का?

आमच्याच चळवळीतले काही साथी म्हणतात, आधी आश्रमशाळेचे छप्पर बघा, प्राग कसले काढता! छप्पर हवेच, त्यासाठी प्रकल्प कार्यालयावर मोर्चे काढलेच पाहिजेत. पण गरिबाने फक्त गरजेचेच मागावे, कुतूहल पैसेवाल्यांसाठी सोडावे, हा नियम कोणी केला? युरोपने आपल्या विद्यार्थ्यांची अशी देवाणघेवाण 1987 पासून सरकारी पैशाने चालवली आहे. इरॅस्मस तिचे नाव. वंचित घरातल्या मुलांना त्यात वेगळी जादा रक्कम मिळते.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या कॉलेजांतील दलित-आदिवासी मुलामुलींसाठी एका सेमिस्टरची परदेश शिष्यवृत्ती सुरू करा. पासपोर्टपासून विमानतळापर्यंतचा खर्च त्यात धरा. पैसे निघण्यापूर्वी खात्यात जमा करा, कारण आधी खर्च करून मग बिले लावण्याची ऐपत असती तर शिष्यवृत्ती मागितलीच नसती. आणि शनिवार-रविवारच्या रेल्वे तिकिटाची, संग्रहालयाच्या प्रवेशफीची तरतूद वेगळी करा. तिने तिथे काय पाहिले याचा अहवाल मागू नका.