तेल काढले, पुढे काय?

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात मोटारीच्या तेलावर लिहावे, यात काही वाचकांना औचित्यभंग वाटण्याचा संभव आहे. दरवर्षी या पानांवर हुंडा, बेकारी, परीक्षापद्धती आणि आजचा तरुण या विषयांवर मते मांडली जातात, आणि ती मांडलीही पाहिजेत. पण ज्या घरात मी वाढलो, त्या घराचे पोट तेलावर भरले, आणि तेही इंजिनाच्या तेलावर. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, हमरस्त्याकडेच्या एका गॅरेजात सव्वीस वर्षे मेस्त्री आहेत. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा ज्या विषयातल्या चार गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, त्याच विषयावर बोलावे, हे बरे.

विषय असा. काही हौशी गाडीवाले हल्ली घरच्या घरी इंजिनाचे ऑईल बदलू लागले आहेत, आणि त्यासाठी ऑईल एक्स्ट्रॅक्टर नावाचा एक पंप विकत घेत आहेत. गॅरेजवाले या पंपाला हसतात, हौशी मंडळी त्याची आरती ओवाळतात. माझे मत दोघांच्या मध्ये कुठेतरी पडते. पंप चांगला आहे. पण तेल बाहेर काढणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे करण्याची ज्याची तयारी नाही, त्याने पंपाला हात लावू नये.

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इंजिनाच्या तळाशी तेलाचे भांडे असते, त्याला गॅरेजच्या भाषेत चेंबर म्हणतात. लहान मोटारीत साधारण तीन लिटर तेल बसते, मोठ्या जीपगाडीत पाच-सहा लिटर. हे तेल इंजिनाच्या धावत्या भागांना वंगण देते, त्यांची उष्णता वाहून नेते आणि जळणातली काजळी स्वतःच्या पोटात घेते. म्हणून ते काळे पडते. “तेल काळं झालं म्हंजी ते काम करतंय,” असे आबा म्हणतात. मात्र त्यात मिसळलेली रसायने हळूहळू संपतात, घाण साठत जाते, आणि मग ते बदलावे लागते. नेहमीची पद्धत अशी की, गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्यायची, खाली शिरायचे, चेंबरचा नट पान्याने सोडायचा आणि तेल घमेल्यात धरायचे.

पंपाची रीत याच्या उलट आहे. ऑईलची पातळी पाहण्याची जी पट्टी असते, ती उपसून तिच्या नळीतून एक बारीक नळी तळाला टेकेपर्यंत आत सोडायची. वर एक बंद डबा असतो. दांड्याने दहा-वीस वेळा पंप मारला की डब्यातली हवा विरळ होते आणि तेल आपोआप वर चढू लागते. आपण म्हणतो, पंपाने तेल ओढले. वास्तविक पंप काहीच ओढत नाही. चेंबरातल्या तेलावर बाहेरच्या हवेचा भार असतो, तो तेलाला नळीतून वर ढकलतो. इटलीतील टोरिचेल्लीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीने हवेला वजन असते हे दाखवून दिले. शाळेत हा प्रयोग मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मला समजला तो या डब्याकडे पाहताना.

तेल काढण्याआधी इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे लागते. कोमट तेल पातळ होते, शिवाय तळाची घाण ढवळून तेलात मिसळते. तेल कढत असता काढू नये. नळी मऊ पडते आणि हातही भाजतो. गाडी सपाट जागेवर हवी. एवढे पाळले तर दहा-पंधरा मिनिटांत काम होते.

आता या पंपाच्या बाजूने काय म्हणता येईल ते पाहू. पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट जिवाची. घरी खड्डा नसतो, रॅम्प नसतो. मग माणूस जॅक लावतो आणि खाली सरकतो. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, उचललेली गाडी धरून ठेवण्याचे नव्हे. माती खचली, जॅक कलंडला, तर टनभर लोखंड छातीवर येते. गाडीला भक्कम घोडे लावल्याशिवाय तिच्याखाली कोणी जाऊ नये, हा गॅरेजातला पहिला धडा आहे. पण घरी काम करणाऱ्याला तो शिकवणार कोण? पंपाने निदान हा धोका टळतो. दुसरी गोष्ट, चेंबरच्या नटाचे आटे. ॲल्युमिनियमच्या चेंबरला नवख्याने नट जोर लावून आवळला की आटे जातात आणि शंभर-दोनशे रुपये वाचवायला निघालेला माणूस हजारांच्या खर्चात पडतो. तिसरी गोष्ट, डब्यावर खुणा असतात. किती तेल निघाले ते दिसते आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या मापाशी ताडून पाहता येते. निघालेले तेल फारच कमी भरले, तर इंजिन तेल खाते आहे किंवा कुठेतरी गळती आहे, हे त्याच वेळी कळते.

आक्षेप घेणारे म्हणतात, वरून तेल काढले तर खालचा गाळ तसाच राहतो. हा आक्षेप मी पुष्कळ ऐकला आहे. एका जुन्या गाडीचे तेल पंपाने काढून झाल्यावर आबांनी मुद्दाम चेंबरचा नटही सोडून पाहिला. चहाचा अर्धा कपसुद्धा तेल आले नाही. नट सोडून तेल काढले तरी थोडे आत राहतेच, हेही ध्यानात घ्यावे. बोटींच्या इंजिनाखाली नट सोडायला जागा नसते, म्हणून तेथे पट्टीच्या नळीतून पंपानेच तेल काढण्याची रीत आहे, आणि ती इंजिने समुद्रात चालतातच. तेव्हा गाळाच्या नावाने पंपाला मोडीत काढणे मला पटत नाही. मात्र ज्या इंजिनात वर्षानुवर्षे तेल बदललेलेच नाही, आणि तळाशी डांबरासारखा थर बसला आहे, तेथे पंपाचा उपयोग नाही. तेथे चेंबर उतरवावा लागतो.

दुसरा आक्षेप खरा आहे. काही नव्या गाड्यांना पट्टीच नसते; तेलाची पातळी विजेच्या उपकरणाने कळते. काहींची पट्टीची नळी तळापर्यंत जात नाही. आणि पुष्कळ गाड्यांचा ऑईल फिल्टर खालच्या अंगाला असतो. तेल बदलले आणि फिल्टर जुनाच ठेवला, म्हणजे आंघोळ करून मळका सदरा अंगात घालण्यासारखे झाले! अशा गाडीच्या मालकाने गॅरेजात जावे, हे उत्तम.

तिसरा आक्षेप आबांचा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. ते म्हणतात, “पोरा, तेल वरनं काढ न्हाय तर खालनं काढ. पण गाडीखाली काय चाललंय ते बघितलंस का?” मेस्त्री खाली जातो तेव्हा तो नुसते तेल काढत नाही. ॲक्सलचा रबरी बूट फाटला आहे का, ब्रेकच्या पाइपावर गंज धरला आहे का, सील गळते आहे का, सायलेन्सरला भोक पडले आहे का, हे तो न विचारता पाहतो. काही नटांच्या टोकाला लोहचुंबक असते. त्यावर चिकटलेला लोखंडाचा कीस पाहून इंजिनाच्या पोटात काय झिजते आहे, याचा त्याला अंदाज येतो. ही तपासणी बिलात कुठेही लिहिलेली नसते, म्हणून ती फुकट आहे असे गिऱ्हाइकाला वाटते. पंप घेणाऱ्याच्या हिशेबातून नेमकी हीच गोष्ट निसटते. त्याने वर्षातून एक-दोनदा तरी गाडी गॅरेजात न्यावी, खालून तपासून घ्यावी, आणि त्या नजरेचे पैसे खुशीने द्यावेत.

कोणी विचारील, “मग तुझ्या वडिलांच्या पोटावर पाय येणार, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे, आणि तो मी टाळणार नाही. तेल बदलण्याच्या मजुरीवर गॅरेज चालत नाही. पण त्या निमित्ताने गिऱ्हाईक येते आणि पुढची कामे निघतात, हे खरे. तरीही या पंपाला मी विरोध करू शकत नाही. सव्वीस वर्षे ओल्या खड्ड्यात मान वर करून काम केलेल्या माणसाची मान आणि कंबर रात्री कशी दुखते, ते मला ठाऊक आहे. वापरलेले इंजिन ऑईल वर्षानुवर्षे कातडीला लागत राहिले तर कातडीचे विकार जडतात, कर्करोगाचाही धोका असतो. हे माहीत असून आमच्याकडे हातमोजे घालणाऱ्या मेस्त्र्याची थट्टा होते. माझे म्हणणे असे की, हा पंप हौशी मालकाच्या आधी गॅरेजात आला पाहिजे. ज्या गाड्यांना तो चालतो, त्यांच्यासाठी मेस्त्र्याने प्रत्येक वेळी खाली का शिरावे? त्याची विद्या त्याच्या नजरेत आणि कानात आहे. तेलाच्या धारेखाली हात धरण्यात नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींना तर इंजिन ऑईल लागतच नाही. धंदा बदलणार हे दिसतेच आहे. बदलत्या धंद्यात माणसाचे अंग वाचत असेल, तर त्याला आडवे कशाला जावे?

आता उरलेल्या निम्म्या कामाकडे वळतो. डब्यात तीन लिटर जळके ऑईल जमा झाले. ते टाकायचे कुठे? माझ्या मते या साऱ्या चर्चेतला खरा प्रश्न हाच आहे, आणि पंपाची स्तुती करणारे नेमके येथेच गप्प होतात. गॅरेजात निदान एक पिंप असते. ते भरले की विकत घेणारा येतो. तो ते कुठे नेतो, हाही प्रश्नच आहे. पण ते निदान एका जागी जमते. घरच्या तेलाला पिंप नाही. ते गटारात जाते, परसात ओतले जाते, कचऱ्याच्या पिशवीत बांधले जाते. आमच्या भागात जळके ऑईल वाळवी लागू नये म्हणून वाशांना आणि चौकटींना फासतात, स्लॅबच्या सेंट्रिंगच्या पत्र्यांना लावतात, भट्टीत जाळतात. यात काही वाया गेले नाही, असे लोकांना वाटते. पण त्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणाची विषारी द्रव्ये असतात. ती मातीत मुरतात, पावसाबरोबर ओढ्यात उतरतात, आणि ओढ्याकाठी विहिरी असतात. उघड्यावर जाळले तर तीच द्रव्ये धुरातून छातीत जातात.

खेदाची गोष्ट ही की, हे तेल मुळात फेकण्यासारखे नसतेच. इंजिनात तेल मळते, त्यातली रसायने संपतात. मूळ तेल बहुतांशी शिल्लक असते. कारखान्यात पाणी, घाण आणि धातू काढून त्याचे शुद्धीकरण केले की त्यापासून पुन्हा वंगण तयार होते. आपल्याकडे घातक कचऱ्याविषयी २०१६ साली केंद्र सरकारने नियम केले, आणि त्यांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. २०२३ साली त्या नियमांत दुरुस्ती झाली, आणि तेल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून टाकण्यात आली. कायदा चांगला आहे. पण आमच्या तालुक्याच्या गावी नवे तेल दहा दुकानांत मिळते, आणि जुने परत घेणारे दुकान मला एकही दिसलेले नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. नव्या तेलाचा डबा रिकामा झाला की जुने तेल नरसाळ्याने त्याच डब्यात भरावे. त्यात पाणी, पेट्रोल किंवा दुसरे काही मिसळू नये, कारण भेसळ झालेले तेल शुद्ध करणे अवघड जाते. आणि ज्या दुकानातून डबा आणला, त्या दुकानदाराने तो भरलेला डबा परत घ्यावा. दुधाची रिकामी बाटली परत देऊन भरलेली घेण्याची रीत आपल्या समाजाने एके काळी पाळलीच होती. तोवर घरी तेल बदलणाऱ्याने ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात ते नेऊन ओतावे. मेस्त्री नाही म्हणणार नाही. त्याला ते विकून चार पैसे मिळतात.

शेवटी एक गोष्ट मित्रमैत्रिणींसाठी. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सांगितले जाते की, “शिक, म्हणजे तुला हात काळे करावे लागणार नाहीत.” त्या सांगण्यात आईबापांचे कष्ट आहेत, त्याचा मी अनादर करीत नाही. पण १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी खेड्यातल्या मुलांना शिकवले, ते कमवा आणि शिका असे सांगून. श्रमाने हात मळले तर विद्या बाटत नाही, हा त्यामागचा विचार होता. आज पंप विकत घेणारा सुशिक्षित गृहस्थ सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचे तेल बदलतो, तेव्हा आपण त्याला हौशी आणि स्वावलंबी म्हणतो. तेच काम जो रोज करतो, त्याला आपण अरे-तुरे करतो. हा भेद तेलात नाही, आपल्या मनात आहे.

तेव्हा पंप जरूर घ्या. गाडीचे पुस्तक वाचा, हातमोजे घाला, फिल्टर बदला, काढलेले तेल मोजा, आणि डबा योग्य जागी पोचता करा. आणि गाडी खालून तपासून घ्यायला गॅरेजात गेलात, म्हणजे खड्ड्यातून वर येणाऱ्या माणसाला ‘अहो मेस्त्री’ म्हणून हाक मारा.