मताचा हक्क आणि मतदारयादी

विद्यार्थिमित्रहो, घरीं मतदार-ओळखपत्र आहे म्हणून आपलें मत सुरक्षित आहे, असें पुष्कळांस वाटतें. हा भ्रम आहे. यादींत नांव नसेल तर ओळखपत्र निरुपयोगी. नांव असेल तर ओळखीपुरतें आधारकार्ड किंवा पासपोर्टही चालतो.

आपल्या चंदगड तालुक्यांतील कित्येक तरुण पोटासाठीं मुंबई, गोवा, बेळगांव गांठतात. सुनेचें नांव माहेरच्या यादींतच पडून राहतें. जेथें नित्याचें वास्तव्य, तेथेंच नांव असावें. दोन ठिकाणीं नोंद ठेवण्यास १९५० चा कायदा मनाई करतो. स्थलांतर झाल्यास नमुना ८ भरावा.

१९८९ सालीं मतदाराचें वय २१ वरून १८ झालें. नव्या मतदारानें नमुना ६ भरावा. सतरा वर्षें पूर्ण होतांच आगाऊ अर्ज करतां येतो; जानेवारी, एप्रिल, जुलै व आक्टोबर यांच्या १ तारखा वयाच्या गणनेस धरतात.

पालकहो, मृगापूर्वीं आपण घर शाकारतों. कोसळत्या पावसांत कोणी कौलें फेरीत नाहीं. मतदानाच्या दिवशींही यादींत नांव चढत नाहीं. यास्तव आजच यादी पाहावी, आणि मुलाइतक्याच अगत्यानें लेकीसुनांचीं नांवें शोधावींत.