फितुरीच्या सावलीतले दरोडे

जुन्या फ्रेंच गुन्हेगारीपटांवर, विशेषतः १९५० ते १९७२ या काळातल्या दरोडापटांवर, चार आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला आक्षेप असा, की हे चित्रपट म्हणजे हॉलिवूडची उसनवारी आहे. रेनकोट, हॅट आणि सिगारेट यांपलीकडे त्यांत काही नाही. दुसरा, ते रटाळ आहेत. तिसरा, ते चोर-दरोडेखोरांना मोठेपणा देतात. चौथा, त्यांत बायकांना माणूस म्हणून जागा नाही. हा पूर्वपक्ष कमकुवत नाही. प्रत्येक आक्षेपात काही ना काही तथ्य आहे, म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवे. माझा पक्ष आधीच सांगतो: या चित्रपटांत दरोडा दिसतो, पण त्यांचा खरा विषय फितुरी आहे. सोबतीच्या माणसाचे नाव कोण सांगतो, कोण सांगत नाही आणि त्याची किंमत काय पडते, या प्रश्नामुळे ते आजही खेचून घेतात.

आधी उसनवारीचे पाहू. ऋण आहे, यात वाद नाही. जॉन ह्यूस्टनचा ‘द अस्फाल्ट जंगल’ १९५० साली आला आणि दरोड्याची आखणी, अंमल आणि विनाश हा साचा त्याने पक्का केला. झाँ-प्येर मेलव्हिलचे मूळ आडनाव ग्रुम्बाख; त्याने ‘मेलव्हिल’ हे नाव घेतले तेसुद्धा एका अमेरिकन कादंबरीकाराचे. पण साचा उसना घेतला म्हणून आतला ऐवज उसना ठरत नाही. ‘रिफिफी’ (१९५५) घ्या. दिग्दर्शक ज्यूल्स दासँ स्वतः अमेरिकन. १९५१ साली अमेरिकी संसदेच्या समितीसमोर एडवर्ड दमित्रिक या त्याच्याच व्यवसायबंधूने कम्युनिस्ट म्हणून त्याचे नाव घेतले आणि हॉलिवूडची दारे त्याला बंद झाली. पॅरिसमध्ये, तुटपुंज्या पैशांत, त्याने ‘रिफिफी’ उभा केला आणि त्या वर्षी कानच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाच्या पुरस्काराचा तो एक मानकरी ठरला. चित्रपटात सेझार नावाचा तिजोरी फोडणारा इटालियन आहे. दरोडा पार पडतो. पण शत्रुटोळीच्या हाती सापडल्यावर सेझार साथीदारांची नावे सांगून टाकतो. टोळीचा म्होरक्या तोनी त्याला गाठतो. दोघांनाही नियम ठाऊक आहे, दोघांनाही एकमेकांबद्दल माया आहे, आणि तोनी गोळी झाडतो. सेझारची ही भूमिका टोपणनावाने केली आहे खुद्द दासँने. ज्याचे नाव कुणीतरी सांगितले म्हणून ज्याचे आयुष्य उधळले गेले, त्यानेच नाव सांगणाऱ्याचा भेदरलेला चेहरा पडद्यावर धारण केला. याला हॉलिवूडची नक्कल म्हणता येत नाही. हॉलिवूडने केलेली जखम तिथे उघडी पडली आहे.

आता रटाळपणाचे. ‘रिफिफी’तला जवाहिऱ्याच्या दुकानावरचा दरोडा सुमारे अर्धा तास चालतो. त्यात एक शब्द नाही, पार्श्वसंगीत नाही. चौघे वरच्या मजल्यावरून जमीन फोडतात. भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे गिलाव्याचे तुकडे तिच्यात पडतात आणि आवाज होत नाही. धोक्याची घंटा अग्निशामक नळकांड्याच्या फेसाने गुदमरवतात; त्याआधी तसलीच घंटा आणून त्यांनी घरी प्रयोग केलेले असतात. संगीतकार झोर्झ ओरिकने या प्रसंगासाठी संगीत लिहिले होते. दासँने त्याला प्रसंग संगीतासह आणि संगीताविना असा दोन्ही तऱ्हेने दाखवला आणि आपले संगीत काढून टाकावे हे ओरिकने स्वतःच मान्य केले. या अर्ध्या तासात घडते काय? चार माणसे एकमेकांच्या हातांवर विसंबून राहतात. एकाचा हात चुकला तर चौघे जातात. विश्वास म्हणजे काय, याचे भाषण कुणी देत नाही. घाम, श्वास आणि हातोडीचे दबलेले ठोके यांतून तो दिसतो. हा वेळ कापून पाच मिनिटांवर आणला तर पुढची फितुरी नुसती कथानकातली कलाटणी उरेल. अर्धा तास आपणही त्या खोलीत श्वास रोखून बसलेलो असतो, म्हणून ती जिव्हारी लागते.

झाक बेकेरचा ‘ल त्रू’ (१९६०) हीच गोष्ट आणखी कठोरपणे करतो. १९४७ साली पॅरिसच्या सांते तुरुंगातून पळून जाण्याचा जो खरा प्रयत्न झाला, त्याची ही कथा. त्या प्रयत्नातला एक जण, झाँ केरोदी, यात स्वतः काम करतो. कोठडीतली फरशी फोडण्याचे दृश्य एकाच सलग चित्रणात, जवळजवळ चार मिनिटे, ठोक्यामागून ठोका असे दाखवले आहे. दात घासायच्या ब्रशला आरशाचा तुकडा बांधून पहारेकरी टिपला जातो. एवढ्या मेहनतीवर पाणी फिरते ते एका तरुण साथीदाराने तुरुंगाधिकाऱ्यापाशी तोंड उघडल्यामुळे. पकडला गेलेला केरोदी त्याला शिवी देत नाही, त्याची कीव करतो. दोन तासांच्या श्रमांनंतर आलेली ती कीव कुठल्याही शिक्षेपेक्षा जड आहे. ज्याला हे रटाळ वाटते, त्याला हातांच्या कामाकडे पाहण्याची सवय राहिलेली नाही, एवढेच मी म्हणेन.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो इतिहासातून येतो. खऱ्या फ्रेंच गुन्हेगारांना कसली आली इमानदारी? जर्मन ताब्यातल्या पॅरिसमध्ये आंरी लाफाँ या सराईत गुन्हेगाराने लोरिस्ताँ रस्त्यावरच्या घरातून जर्मनांसाठी टोळी चालवली. लोकांना पकडले, छळले, लुटले. ‘ल त्रू’ ज्याच्या कादंबरीवर बेतला आहे, त्या जोझे जोव्हानीला युद्धानंतर हत्यांच्या प्रकरणात फाशीची शिक्षा झाली होती आणि ती पुढे कमी करण्यात आली. तेव्हा ‘चोरांतही नीती असते’ हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे. पण हे चित्रपट तसा दावा करतात का? बेकेरच्या ‘तुशे पा ओ ग्रिझ्बी’त (१९५४) झाँ गाबँचा माक्स आठ सोन्याच्या लगडी चोरून निवृत्तीच्या तयारीत असतो. मित्र रितोँ एका नर्तकीपुढे बढाई मारतो आणि सगळे उघडे पडते. मित्राला सोडवायला माक्स सोने देऊन टाकतो. सोनेही जाते, मित्रही जातो. मेलव्हिलच्या ‘बॉब ल फ्लांबर’मध्ये (१९५६) दोव्हिलच्या जुगारगृहावरचा दरोडा फसतो, तोही एका पोराने प्रेयसीजवळ बढाई मारल्यामुळे. या जगात नियम आहे आणि तो दर वेळी मोडतो. गुन्हेगाराचा गौरव करणारा चित्रपट त्याला माल पचवू देतो. इथे माल कुणालाच पचत नाही. ‘ल सेर्क्ल रूज’च्या (१९७०) आरंभी मेलव्हिलने बुद्धाच्या नावावर एक वचन दिले आहे. ते त्याने स्वतःच रचले होते. हे वास्तवाचे वार्तांकन नाही, मुद्दाम रचलेले नीतीचे प्रयोगघर आहे, असे सांगण्याचा हा सरळ मार्ग होता.

चौथा आक्षेप मी बव्हंशी मान्य करतो. ‘रिफिफी’त तोनी आपल्या जुन्या प्रेयसीला पट्ट्याने मारतो. ते दृश्य क्रूर आहे, आणि पुढे त्याच तोनीबद्दल आपल्याला सहानुभूती वाटावी अशी अपेक्षा ठेवणे हा चित्रपटाचा दोष आहे. ‘काळ तसा होता’ म्हणून तो झाकू नये. पण ‘जागाच नाही’ हे मात्र खरे नाही. ‘ल सामुराई’त (१९६७) मारेकऱ्याला अगदी समोरून पाहिलेली पियानोवादक पोलिसांपुढे त्याला ओळख देत नाही, अवघे कथानक तिच्या मौनावर उभे आहे. आणि मेलव्हिलच्या ‘लार्मे देझ ओंब्र’मधली (१९६९) मातिल्द, म्हणजे सिमोन सिन्योरे, तर सगळ्या टोळीत सर्वांत कर्तबगार आहे.

या शेवटच्या चित्रपटापाशी माझे मंडन सुरू होते, कारण त्यातली टोळी दरोडेखोरांची नाहीच. ती आहे जर्मनांविरुद्ध गुप्तपणे लढणाऱ्यांची. मेलव्हिल स्वतः त्या लढ्यात होता. तरीही पडद्यावर सगळे ओळखीचे दिसते: तेच ओव्हरकोट, तीच हॅट, भाड्याच्या खोल्या, खुणेचे शब्द, कमी बोलणारा लिनो व्हेंतुरा. एका फितूर पोराला मारायचे आहे. पिस्तूल चालवले तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल, म्हणून त्याचा गळा टॉवेलने आवळावा लागतो. पुढे मातिल्द पकडली जाते. बोलली नाहीस तर तुझ्या मुलीची वाट लावू, असे जर्मन तिला धमकावतात, आणि तिच्याच साथीदारांना तिला गोळी घालावी लागते. ‘रिफिफी’तले तोनी आणि सेझार इथे पुन्हा समोर येतात, फक्त आता कुणाही बाजूला पाप ठेवता येत नाही.

१९४० ते १९४४ या चार वर्षांत फ्रान्समध्ये निनावी पत्रांनी शेजाऱ्यांचे बळी घेतले. कोण बोलले, कोण गप्प राहिले, हा प्रश्न युद्धानंतर घराघरांत होता आणि तो उघड विचारणे अवघड होते. चोरांच्या कथेत तो विचारता आला. कायद्याबाहेरच्या माणसाला देश, धर्म, वर्दी यांचा आडोसा नसतो. त्याच्यापाशी राहते ते फक्त त्याचे काम आणि त्याचा शब्द. म्हणून तो प्रश्न तिथे उघडानागडा दिसतो. हॅट आणि रेनकोट हे त्या प्रश्नाचे कपडे आहेत, शोभेची आरास नाहीत.

पुढे अनेकांनी या शैलीची नक्कल केली. त्यांतल्या बहुतेक चित्रपटांत चलाख योजना, वेगवान संकलन आणि शेवटी खिदळत वाटून घेतलेला माल असतो. ते पाहताना मजा येते आणि पाहून झाल्यावर काही उरत नाही, कारण त्यांत कुणाला कुणावर जीव टाकून विसंबावे लागत नाही. दासँ, बेकेर आणि मेलव्हिल आपल्याला आधी विसंबायला लावतात आणि मग विचारतात: सेझारच्या जागी तू असतास, तर तू नाव सांगितले असतेस का? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे देता येईल असा प्रेक्षक क्वचितच असेल. जो चित्रपट माणसाला स्वतःबद्दल इतका अस्वस्थ करतो, त्याला निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे आहे. गंभीर कला म्हणून आपण ज्यांना मान देतो, त्यांच्याच पंक्तीत हे दरोडापट बसले पाहिजेत.