पाहणाऱ्यांचे रिंगण

कोंबडा हा माणसाचा फार जुना सोबती आहे. घरोघर घड्याळे नव्हती, तेव्हा त्याच्या आरवण्यावर शेतकरी शेताची वाट धरीत आणि गृहिणी जात्यावर बसत. आजही खेड्यांत आणि शहरांच्या कडेच्या वस्त्यांत कित्येकांचा दिवस त्याच्या बांगेनेच उजाडतो. ह्या सोबत्याशी माणूस कसा वागतो, हे पाहण्याचा प्रसंग एकदा माझ्यावर आला. तो मी अद्याप विसरलेलो नाही.

पूर्व विदर्भातील एका गावी मी एका स्नेह्याकडे उतरलो होतो. थंडीचे दिवस होते. शेजारच्या अंगणात एक तांबडा कोंबडा मोठ्या ऐटीने हिंडत असे. त्या घरचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा शाळेतून आला, की मूठभर कण्या घेऊन उकिडवा बसे आणि कोंबडा त्याच्या तळहातावरचे दाणे निर्भयपणे टिपी.

एके दुपारी घरांच्या मागील मोकळ्या जागेतून मोठा गलका ऐकू आला. मी जाऊन पाहिले, तो पन्नास-साठ माणसांनी रिंगण धरले होते आणि मध्ये दोन कोंबडे एकमेकांवर झेपावत होते. प्रत्येकाच्या पायाला एक धारदार पाते दोऱ्याने आवळून बांधले होते. लोक नोटा उंचावून पैजा लावीत होते. त्यांतील एक कोंबडा शेजारच्या अंगणातला होता. थोड्याच वेळात तो रक्तबंबाळ झाला. तो निसटून जाण्यासाठी वाट शोधू लागला. पण तो ज्या बाजूस वळे, त्या बाजूस माणसांचे पाय उभे होते. त्या पायांत माझेही दोन पाय होते. मी ओरडलो नाही, की कोणास अडविले नाही. नुसता पाहत राहिलो.

संध्याकाळी तो मुलगा कण्या घेऊन अंगणात उभा होता. त्याला काय सांगावे, हे त्याच्या वडिलांना सुचेना. मलाही सुचले नाही.

गडचिरोली, चंद्रपूर ह्या भागांत अशा जुगाराला ‘कोंबडबाजार’ म्हणतात, आणि पायाला बांधावयाच्या त्या पात्याला ‘काती’ म्हणतात. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या काठच्या जिल्ह्यांत संक्रांतीच्या सुमारास अशाच झुंजी लागतात व त्यांवर मोठमोठ्या रकमांचा जुगार चालतो. जागा निरनिराळ्या असल्या, तरी रिंगण सगळीकडे सारखेच.

ह्या खेळाची बाजू घेणारे म्हणतात, “कोंबडा जातीचाच भांडखोर आहे. तो आपण होऊन लढतो. त्यात आमचा काय दोष?” हे म्हणणे अर्धेच खरे आहे. कोंबडे भांडतात, ह्यात शंका नाही. कळपात वरचढ कोण, हे ठरविण्यासाठी ते पिसे फुलवितात, चोची मारतात, एकमेकांवर उड्या घेतात. परंतु आपण हरत आहोत असे दिसताच दुबळा कोंबडा मान खाली घालतो आणि पळून जातो. जिंकणाराही बहुधा तेवढ्यावर समाधान मानतो. पळून जाण्यास वाट मोकळी असते, म्हणून त्यांचे भांडण सहसा प्राणावर बेतत नाही. माणसाने ही वाट बंद केली आणि पायाला पोलादाचे पाते बांधले. भांडण कोंबड्याचे असेल. पण काती माणसाची आहे आणि रिंगणही माणसाचेच आहे.

दुसरे काही म्हणतात, “ही आमची जुनी चाल आहे.” जुनी असेल, पण जुनेपणाने कोणतीही गोष्ट चांगली ठरत नाही. इंग्लंडातही कोंबड्यांच्या झुंजी कित्येक शतके चालल्या होत्या. तेथे 1835 मध्ये त्या कायद्याने बंद झाल्या. आपल्या परंपरेचाच विचार करावयाचा, तर सम्राट अशोकाने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसांप्रमाणे पशूंच्याही औषधोपचाराची सोय केल्याचे शिलालेखात कोरून ठेविले आहे. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी कावडीतील गंगाजल घालणाऱ्या एकनाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंपराच पाळावयाची, तर ही का पाळू नये?

आणखी एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो: “पुष्कळ लोक कोंबडीचे मांस खातात, मग झुंजीलाच का नावे ठेवावयाची?” मांस खावे की न खावे, ह्याविषयी मतभेद आहेत व ते राहतील. परंतु भुकेसाठी एखादा जीव घेणे आणि त्याचे हाल पाहून टाळ्या पिटणे, ह्यांत मोठे अंतर आहे. झुंजीत वेदना हाच करमणुकीचा विषय असतो. ज्याला दुसऱ्याच्या वेदनेत गंमत वाटू लागली, त्याचे मन हळूहळू कठीण होते. आणि कठीण झालेले मन पुढे माणसांच्या दुःखानेही द्रवत नाही.

आपल्या देशाचा कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा अधिनियम 1960 मध्ये झाला. त्यासाठी विख्यात नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी राज्यसभेत मोठी खटपट केली. केवळ करमणुकीसाठी प्राण्यांस झुंजविणे हा ह्या कायद्याने गुन्हा आहे. इतकेच नव्हे, तर झुंजीसाठी जागा देणारा आणि ती पाहू देण्यासाठी पैसे घेणारा हेदेखील गुन्हेगार ठरतात. पुढे 1976 मध्ये सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे आपल्या राज्यघटनेने प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. मात्र 1960 च्या त्या कायद्यात पहिल्या अपराधाचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंतच ठेविला आहे. एवढ्याशा दंडाला जुगारी कसा भिणार? जे काम दंडाच्या धाकाने होत नाही, ते लोकांच्या नापसंतीने मात्र होऊ शकते.

म्हणून ही गोष्ट शेवटी वस्तीवर येऊन ठेपते. झुंज आपल्या घरामागे लागते, गलका आपल्या खिडकीतून आत येतो, आपली मुले कुंपणावर चढून पाहतात, आणि आपण मात्र “उगाच शेजाऱ्याशी वैर कशाला?” म्हणून दार लावून घेतो. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्याला ठाऊक आहे. दार लावल्याने अन्याय नाहीसा होत नाही. फक्त आपल्याला दिसेनासा होतो.

मुलांनो, तुम्ही लहान आहा. जुगाऱ्यांच्या अंगावर धावून जाणे हे तुमचे काम नव्हे, आणि ते शहाणपणाचेही नव्हे. परंतु आपल्या वस्तीत असे काही चालले असल्यास तुम्ही ते आईवडिलांना आणि गुरुजनांना सांगू शकता, म्हणजे ते पोलिसांस कळवितील. आणि एक गोष्ट तर तुम्हांला कोणाच्याही मदतीवाचून करता येईल: तुम्ही तेथे पाहावयास जाऊ नका, आणि निघालेल्या मित्रालाही थांबवा.

हे फार थोडे आहे, असे समजू नका. झुंजीला कोंबडे दोनच लागतात. पण रिंगणाला माणसे पुष्कळ लागतात. एकेक माणूस निघून गेला, की रिंगणाला फट पडते. आणि त्या फटीतूनच मुक्या जिवाला बाहेर पडावयाची वाट मिळते. त्या दुपारी मी माझे दोन पाय तेथून हलविले नाहीत, ह्याची खंत मला आजही वाटते. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.