वनातील पाहुणा

राखीव अरण्यात लोकांनी जावे की जाऊ नये, याविषयी दोन मते आढळतात. सुटी लागली की मुलांचे मेळे पाठीवर सामान बांधून डोंगराकडे निघतात. ते परतले की पुष्कळदा मागे उरते ती चुलीची राख आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचा पसारा. तो पाहून काही विचारी माणसे म्हणतात, "वनांची दारे सर्वांनाच बंद करावीत." त्यांचा राग रास्त आहे; परंतु त्यांनी सुचविलेला उपाय योग्य नव्हे.

रायगड जिल्ह्यातील फणसाडचे अभयारण्य पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. मुरूड-रोह्याच्या डोंगरांतील हे वन एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांचे शिकारीचे रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचा विस्तार सुमारे ७० चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठा नव्हे. तरीही ऐन, किंजळ, जांभूळ अशा वृक्षांची येथे दाटी आहे. गारंबीच्या वेलीला दोन-दोन हात लांबीच्या शेंगा लटकतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू शेंड्याशेंड्यांवरून झेपा घेतो. खाली सांबर, भेकर आणि बिबट्या यांचा वावर असतो.

कोकणात पाऊस धो धो कोसळतो. पण डोंगरउतारावरून ते पाणी वेगाने समुद्राकडे धावते. चैत्र-वैशाखात ओढे आटतात आणि वन्य पशूंना मोजक्या पाणवठ्यांचाच आधार उरतो. या पाणवठ्यांना तेथे 'गाण' म्हणतात. त्यांपैकी एकावरूनच अभयारण्याला फणसाड हे नाव मिळाले. आता अशा पाणवठ्याच्या काठी कोणी सायंकाळी तंबू ठोकला, दिवे लावले, गाणी म्हटली, तर काय होईल? त्या मंडळींना स्थळ रम्य वाटेल; पण झाडीत उभे असलेले सांबर पाण्याकडे येण्यास धजणार नाही. मनुष्याच्या एका रात्रीच्या मौजेसाठी ते तहानलेले राहील. कोणी बंदूक चालविली नाही, फांदी तोडली नाही, तरीही अपाय झालाच! वन जितके लहान, तितका येणाऱ्या प्रत्येकाचा भार त्याला अधिक जाणवतो. मोठ्या अरण्यात पशू दूर निघून जाईल. लहान वनात तो जाणार कोठे?

मग मुलांना वनात नेऊच नये काय? अवश्य न्यावे. ज्याने शेकरूचे घरटे कधी पाहिले नाही, त्याला एक वृक्ष तोडल्याने काय हरपते हे कसे कळावे? केवळ चित्रे पाहून वनाविषयी कुतूहल वाटेल. परंतु त्याच्या रक्षणासाठी उभे राहण्याइतकी ओढ पायी हिंडल्यावाचून लागत नाही. आजच्या मुलांना वन परके राहिले, तर उद्या त्याची राखण कोण करील?

म्हणून दार बंद करण्यापेक्षा पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे, हे बरे. सुज्ञ पाहुणा यजमानाने दिलेल्या जागीच उतरतो. फणसाडमध्ये सुपेगावाजवळ तंबूंची सोय आहे. मुक्काम अशा नेमलेल्या जागीच करावा, पाणवठ्याशी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. त्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश करणे व आग लावणे हे गुन्हे आहेत. शिक्षेचे भय नसले तरी हे नियम पाळण्याजोगे आहेत. कारण वाळक्या पानांवर पडलेली एक ठिणगी वणवा पेटवू शकते. वाटेवरूनच चालावे, हलक्या आवाजात बोलावे, नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. वाटाड्या गावकऱ्याचे म्हणणे आदराने ऐकावे. रानाची ओळख त्याला लहानपणापासून असते.

या नियमांनी आनंद उणावतो, अशी तक्रार होते. वस्तुतः तो वाढतो. गोंगाट करीत जाणाऱ्यास केवळ झाडे दिसतात. जो निमूटपणे थांबतो, त्याला पानांची सळसळ ऐकू येते, मातीत उमटलेले खूर दिसतात आणि कधी काळी ते खूर ज्याचे, त्याचेही दर्शन घडते. असा पाहुणा परतल्यावर वनाला तो येऊन गेल्याचे कळतही नाही. अशा पाहुण्यासाठी वनाचे दार सदैव उघडे असावे.