संगोपनाचा खर्च कोणी सोसावा?

निराधार मुलांच्या संगोपनासाठी दरमहा मिळणारे अनुदान महाराष्ट्र सरकारने सन २०२३ मध्ये ११०० रुपयांवरून २२५० रुपये केले आणि बालसंगोपन योजनेस क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले. या वाढीचे श्रेय सरकारला न देणे कद्रूपणाचे होईल. परंतु दिवसाचा हिशेब केला तर हाती पंचाहत्तर रुपये येतात. त्यात वाढत्या वयाच्या मुलाचे दोन वेळचे जेवण, वह्या आणि चपला कशा बसवावयाच्या, हे त्याला सांभाळणाऱ्या आजीने ठरवावयाचे.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेने २०२२ साली याच कामासाठी दरमहा ४००० रुपये ठरविले. म्हणजे एकाच चाळीत दोन पोरकी मुले असली, तर नाव कोणत्या दप्तरात चढले यावरून एकाच्या वाट्याला चार हजार आणि दुसऱ्याच्या वाट्याला साडेबावीसशे!

तिजोरीला अधिक झेपत नाही, हे उत्तर ठरलेले आहे. ते हिशेबाला मात्र उतरत नाही. मिशन वात्सल्यचा खर्च केंद्र आणि राज्य साठ-चाळीस या प्रमाणात उचलतात; चार हजारांत राज्याचा वाटा सोळाशेच पडतो. मुलाला अधिक मिळते त्या योजनेत राज्याचा पैसा कमी जातो. मग पात्र मुले तिकडे का नेली जात नाहीत? कारण त्यासाठी केंद्राची मंजुरी मिळवावी लागते, घरोघर चौकशी करावी लागते, बालकल्याण समितीपुढे प्रकरण वेळेत न्यावे लागते. हे काम माणसांचे आहे, आणि माणसे नेमण्याचाच आपल्या राज्यकर्त्यांना कंटाळा. शिवाय शहरात वार्षिक ९६,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा आडवी येते. महिना आठ हजारांहून चार पैसे अधिक मिळविणारी मुंबईतील मोलकरीण विधवा सुखवस्तू ठरते!

देखरेखीवरील खर्च वायफळ मानणाऱ्यांनी आपल्याच समाजाची आठवण जागी करावी. आश्रित म्हणून नातलगाच्या घरी वाढलेल्या पोराने पाणी भरावे, उष्टी काढावी आणि उरलेले खावे, हे आपल्या वाडवडिलांना नवे नव्हते. दुसऱ्याच्या घरी मूल ठेवावयाचे आणि तेथे कोणी अधिकारी फिरकावयाचा नाही, तर त्यास संगोपन म्हणता येणार नाही. संस्थेत मूल ठेवणे हा शेवटचा उपाय, असे २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. तो पाळावयाचा, तर संस्थांच्या भिंतींवर होणारा खर्च घरापर्यंत जाणाऱ्या माणसांवर झाला पाहिजे.

अनुदान महिनोन्महिने रखडल्याच्या तक्रारीही जुन्या आहेत. वाणी उधारीवर किती दिवस थांबणार? शाळा तर जूनमध्येच सुरू होते.

राज्याच्या योजनेतील रक्कम चार हजारांवर नेण्यास, लाख मुले धरली तरी, वर्षाला २१० कोटी रुपये अधिक लागतील. येत्या अर्थसंकल्पात ही तरतूद, चौकशी अधिकाऱ्यांची भरती आणि अनुदान देण्याची ठरलेली तारीख या तिन्ही गोष्टी अर्थमंत्र्यांनी एकत्र मांडाव्यात. त्यासाठी नोकरदार करदात्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले, तर त्याने कुरकुर करू नये.